डॉक्टरांनी शर्टाची बटणं लावायला का सांगितलं?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझे मिस्टर ५६ वर्षांचे आहेत, हिशेबनीस आहेत. महिन्यापूर्वी रात्री सव्वानऊला जेवून उठताना त्यांच्या ओठाची डावी कड खाली ओघळली आणि बोलणं जड यायला लागलं, जीभ सुजल्यासारखं. साडेदहाच्या आत आम्ही हॉस्पिटलात होतो. साखर तपासली, सीटी स्कॅन झाला, रक्तस्राव नाही म्हणाले. मग डॉक्टरांनी यांना हात वर धरायला लावलं, वाचायला लावलं, सही करायला लावली. वेळ जात होता आणि डॉक्टर यांना शर्टाची बटणं काढायला-लावायला सांगत होते! शेवटी म्हणाले, स्कोअर दोन आहे, मेंदूचा सौम्य झटका आहे, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन नको, गोळ्या देतो. दोन दिवस दाखल ठेवून घरी सोडलं. आता बोलणं जवळजवळ पूर्वीसारखं आहे. पण माझे दीर म्हणतात, त्यांच्या मित्रालाही सौम्यच झटका होता, त्याला इंजेक्शन दिलं आणि तो खडखडीत बरा झाला. आपल्याकडे हलगर्जी झाली. ‘मिनिटाला १९ लाख पेशी मरतात’ असा मेसेजही त्यांनी पाठवला. तीन आठवड्यांनी दोनपैकी एक गोळीही बंद केली, त्याचीही धास्ती वाटते. हे हल्ली लवकर थकतात, लहानसहान गोष्टींवरून चिडतात. मी तेव्हा इंजेक्शनसाठी अडून बसायला हवं होतं का? आणि पुन्हा असं झालं तर मागून घेऊ का?

उत्तर :

ताई,

बटणांचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्हाला तो वेळकाढूपणा वाटला, आणि तुमच्या जागी कुणालाही वाटला असता. नवऱ्याचं तोंड वाकडं झालंय, घड्याळ पुढे चाललंय, आणि समोरचा माणूस बटणं मोजतोय. पण इंजेक्शन द्यायचं की नाही, हे त्या बटणांवरच ठरत होतं. कॅज्युअल्टीत उभ्या असलेल्या त्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत तुम्हाला हे सांगायला हवं होतं. तेवढी त्यांची चूक मी मान्य करतो. उपचारात मात्र मला चूक दिसत नाही.

आधी तो ‘दोन’ काय होता ते बघू. झटक्याची तीव्रता मोजायला जगभर एक मोजपट्टी वापरतात, एनआयएचएसएस नावाची. शून्य म्हणजे काही सापडलं नाही, ४२ म्हणजे सगळं गेलं. शुद्ध, नजर, चेहरा, हात, पाय, संवेदना, भाषा, उच्चार अशा एकेका बाबीला गुण देत जायचं. पाचपर्यंतच्या आकड्याला साधारणपणे सौम्य म्हणतात, आणि गुठळीमुळे झटका आलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक याच गटात मोडतात. तुमच्या यजमानांचा ओठ किंचित ओघळला होता, त्याचा एक गुण. उच्चार जड पण समजण्यासारखे होते, त्याचा एक. झाले दोन.

आता दुसरा माणूस घ्या. त्याला भाषाच सापडत नाही. ‘पाणी’ म्हणायचंय, तोंडातून भलताच शब्द येतो. समोरच्याचं अर्धंमुर्धंच कळतं. या पट्टीवर भाषेच्या अशा गंभीर बिघाडाचे गुण किती? दोन. तिसऱ्याला दोन्ही डोळ्यांनी उजव्या बाजूचं काहीच दिसत नाही. ताटाचा उजवा भाग त्याच्या लेखी नाहीच, रस्ता ओलांडताना त्या बाजूची गाडी नाही. त्याचेही दोन. तिघांच्या केसपेपरवर एकच आकडा, आणि त्यातल्या दोघांचं आयुष्य त्या संध्याकाळपासून मोडलेलं.

म्हणून सौम्य झटक्यात आकड्याच्या पुढे जाऊन एक प्रश्न विचारावा लागतो : आत्ता जे बिघडलंय ते असंच राहिलं, तर या माणसाला स्वतःचं स्वतः खाता, चालता, अंघोळ करता, संडासला जाता येईल का? आपल्या कामावर परत जाता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आकडा एक असला तरी तो अपंग करणारा झटका. वेळेत असेल तर इंजेक्शन द्यावं. उत्तर ‘हो’ असेल तर तो अपंग न करणारा, आणि तिथे इंजेक्शनचा उपयोग दिसलेला नाही. अमेरिकेच्या हार्ट असोसिएशन आणि स्ट्रोक असोसिएशनची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं हीच रेघ ओढतात, युरोपियन स्ट्रोक ऑर्गनायझेशनची २०२१ ची तत्त्वंही तशीच.

बटणं लावता येतात का, पेन धरता येतं का, सही नेहमीसारखी उमटते का, वाचलेलं कळतं का, आधाराशिवाय चालता येतं का. हिशेबनिसाच्या रोजच्या कामाची परीक्षा कॅज्युअल्टीत उभ्या उभ्या याहून चांगली कशी घेणार? बोटांची तपासणी तर मुद्दाम करावीच लागते. त्या मोजपट्टीत हाताची परीक्षा म्हणजे हात समोर धरून दहा सेकंद खाली न घसरू देणं. दंड आणि खांदा शाबूत असला की शून्य गुण, मग बोटं लाकडासारखी झाली असली तरी. तबला वाजवणाऱ्याची, सोनाराची, शिंप्याची बोटं गेली आणि आकडा शून्य, असं होऊ शकतं. बटणं ती चोरी पकडतात.

भाऊजींच्या मित्राचं असंच काहीतरी असणार असा माझा अंदाज. त्याचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा छातीठोकपणे बोलणार नाही. पण ‘त्याचाही सौम्यच होता’ या वाक्यात त्याला नेमकं काय येत नव्हतं ते कुठेच नाही. भाऊजींना तेवढंच विचारून बघा.

आता त्या इंजेक्शनबद्दल. आपल्या रक्तातच गुठळी कापणारी यंत्रणा निजलेली असते, प्लास्मिनोजेन नावाची. इंजेक्शनातलं औषध (जुनं अल्टेप्लेज, ज्याला सगळे टीपीए म्हणतात, नवं टेनेक्टेप्लेज) तिला जागं करतं. जागी झालेली ती यंत्रणा गुठळीला बांधून ठेवणाऱ्या फायब्रिनच्या जाळीचे धागे कापते आणि गुठळी सुटते. अल्टेप्लेजचा दहावा हिस्सा एकदम आणि उरलेलं तासाभरात सलाइनमधून देतात. टेनेक्टेप्लेज एकाच टोचणीत जातं. गोम अशी की शिरेतून गेलेलं औषध सगळ्या रक्तात फिरतं. मेंदूत आधीच इजा झालेल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या कच्च्या झालेल्या असतात. त्या गळायला लागल्या तर गुठळीच्या जागी रक्तस्राव, आणि हा नवा आजार पहिल्यापेक्षा वाईट.

मोठ्या झटक्यात ही जोखीम घेणं शहाणपणाचं आहे, आणि ते सिद्धही झालंय. १९९५ साली अमेरिकेत ६२४ रुग्णांवर झालेल्या ज्या अभ्यासाने हे इंजेक्शन जगात आणलं, त्यात त्रास देणारा रक्तस्राव इंजेक्शन घेतलेल्यांत ६.४ टक्के आणि न घेतलेल्यांत ०.६ टक्के होता. दहापट! तरीही तीन महिन्यांनी इंजेक्शनवाल्या गटातले जास्त लोक स्वतःच्या पायावर होते, कारण औषध न दिल्यास गमावण्यासारखं खूप होतं. पण त्याच अभ्यासात किरकोळ लक्षणांच्या किंवा झपाट्याने सुधारणाऱ्या रुग्णांना घेतलंच नव्हतं. म्हणजे तुमच्या यजमानांसारख्यांचा प्रश्न पुढे वीसेक वर्षं तसाच लोंबकळत राहिला, आणि डॉक्टर आपापल्या धाडसाप्रमाणे वागत राहिले. मीही.

उत्तर आलं ते तीन अभ्यासांतून. पहिला, प्रिझम्स, २०१८ साली प्रसिद्ध झाला. आकडा पाचपर्यंत आणि अपंग न करणारी लक्षणं असलेले रुग्ण, पहिल्या तीन तासांत. अर्ध्यांना अल्टेप्लेज, अर्ध्यांना साधी अॅस्पिरिन. तीन महिन्यांनी उत्तम स्थितीत असलेले : इंजेक्शनने ७८.२ टक्के, अॅस्पिरिनने ८१.५ टक्के. त्रास देणारा रक्तस्राव इंजेक्शनच्या गटात ३.२ टक्के, म्हणजे १५६ जणांत पाच. अॅस्पिरिनच्या गटात एकही नाही. हा अभ्यास ९४८ रुग्णांसाठी आखला होता आणि ३१३ वरच थांबवावा लागला, तेव्हा त्याच्या एकट्याच्या जिवावर मी तुम्हाला ठामपणे काही सांगितलं नसतं.

पण २०२३ मध्ये चीनमधून अरामिस आला. ७६० रुग्ण, साडेचार तासांची मुदत, एका बाजूला अल्टेप्लेज आणि दुसऱ्या बाजूला अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलची जोडी, म्हणजे तुमच्या यजमानांना दिलेली तीच. गोळ्यांच्या गटात ९३.८ टक्के लोक उत्तम स्थितीत, इंजेक्शनच्या गटात ९१.४ टक्के. गोळ्या कुठेच कमी पडल्या नाहीत. आणि २०२४ मध्ये टेम्पो-२. याची कल्पना फार तर्कशुद्ध होती, मला स्वतःला हा अभ्यास यशस्वी होईल असं वाटत होतं : लक्षणं सौम्य आहेत, पण स्कॅनमध्ये रक्तवाहिनी बंद असल्याचा पुरावा दिसतोय, अशांना बारा तासांच्या आत नवं टेनेक्टेप्लेज द्यावं, कारण हेच लोक पुढे ढासळण्याची भीती जास्त. ८८६ रुग्णांनंतर अभ्यास थांबवला, कारण फायदा दिसण्याची शक्यताच उरली नव्हती. पूर्वस्थितीला पोचलेले इंजेक्शनच्या गटात ७२ टक्के, गोळ्यांच्या गटात ७५ टक्के. मृत्यू मात्र इंजेक्शनच्या गटात २० आणि गोळ्यांच्या गटात ५.

तर्क चुकला कुठे? माझ्या मते दोन गोष्टी आहेत. एक साधी : जो माणूस नव्वद टक्के शक्यतेने आपसूक सुधारणार आहे, त्याला औषधाने आणखी किती सुधारणार? फायद्याला जागाच उरत नाही. जोखीम मात्र तिथेच राहते. दुसरी फारशी कुणी बोलून दाखवत नाही. सौम्य झटक्यानंतर खरी भीती असते ती पुढच्या झटक्याची, आणि ती पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त. त्याविरुद्धचं हत्यार म्हणजे प्लेटलेटना एकमेकींना चिकटू न देणाऱ्या गोळ्या. पण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं की रक्तस्रावाच्या भीतीने पुढचे २४ तास त्या गोळ्या देता येत नाहीत. म्हणजे ज्या दिवशी पहारा सर्वांत कडक हवा, त्याच दिवशी पहारेकऱ्याला सुट्टी.

१९ लाख पेशींचा तो मेसेज खोटा नाही. पण तो मोठी रक्तवाहिनी बंद पडून मोठा भाग मरत चाललेल्या झटक्याचा सरासरी हिशेब आहे. त्याचा उपयोग एकच : लक्षण दिसताच धावत सुटणं. ते तुम्ही केलंत, सव्वा तासात पोचलात. तो हिशेब प्रत्येक रुग्णाला लावून इंजेक्शन मागणं म्हणजे ताप दिसला की सलाइन मागण्यासारखं आहे.

मात्र भाऊजींच्या रागात मला एक खरी गोष्ट दिसते, आणि ती मी झाकणार नाही. ‘सौम्य’ या शब्दाआड डॉक्टरांच्या हातून चुका होतात. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या नोंदणीत, लक्षणं सौम्य किंवा सुधारती आहेत एवढ्याच कारणाने इंजेक्शन न दिलेल्या रुग्णांचं पुढे काय झालं ते पाहिलं होतं. चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक हॉस्पिटलातून थेट घरी जाऊ शकले नाहीत. त्यांतल्या सगळ्यांना इंजेक्शनने वाचवलं असतं असं म्हणता येत नाही; पण ‘सौम्य’ लिहिलेल्या कागदाखाली सौम्य नसलेली माणसं होती, हे नक्की.

माझ्या हातूनही असं एकदा झालंय. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं. चक्कर आणि उलट्या होत असलेले एक गृहस्थ आले. मी त्यांना खाटेवर आडवं ठेवूनच तपासलं. चेहरा ठीक, हात ठीक, पाय ठीक, बोलणं ठीक. आकडा शून्य. ‘लक्षणं किरकोळ, लक्ष ठेवा’ असं लिहून पुढच्या रुग्णाकडे गेलो. दोन-अडीच तासांनी नर्सने त्यांना बाथरूमला न्यायला उठवून बसवलं, तर ते पोत्यासारखे एका बाजूला कोसळले. लहान मेंदूचा झटका होता. आडव्या माणसाचा तोल कसा दिसणार? मोजपट्टीत धडाच्या तोलाला एकही गुण नाही. मला कळलं तोवर इंजेक्शनची मुदत उलटून गेली होती. पुढे कित्येक महिने ते काठीशिवाय चालू शकले नाहीत. तेव्हापासून मी शून्य आकड्याच्या माणसालाही उठवतो, बसवतो, चालवतो. तुमच्या डॉक्टरांनी यजमानांना चालवलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बटणांपर्यंत गेलेला डॉक्टर चालवल्याशिवाय राहिला नसेल असं वाटतं, पण पुढच्या भेटीत विचारायला हरकत नाही.

तर अडून बसायला हवं होतं का? नाही. अडून बसला असतात आणि कुणी तुमच्या दबावाखाली इंजेक्शन दिलं असतं, तर फायद्याचा पुरावा नसलेल्या औषधाची रक्तस्रावाची जोखीम तुम्ही विकत घेतली असती. आणि इंजेक्शन नाकारलं म्हणजे उपचार नाकारला, असंही झालेलं नाही. लगेच गोळ्यांचा पहिला मोठा डोस दिला, दोन दिवस डोळ्यांसमोर ठेवलं. हे ठेवून घेणं फार महत्त्वाचं होतं. सौम्य झटक्यांतले काही पहिल्या दिवस-दोन दिवसांत अचानक बळावतात. तसं झालं असतं आणि वेळ मुदतीत असती, तर इंजेक्शनचा विचार तेव्हाही करता आला असता. आधी गोळ्या दिल्यात म्हणून ते दार आपोआप बंद होत नाही. मोठी रक्तवाहिनी बंद निघाली तर तारेने गुठळी बाहेर काढण्याचाही मार्ग असतो.

आता बंद केलेल्या गोळीची धास्ती. या दोन गोळ्यांना सगळे ‘रक्त पातळ करणाऱ्या’ म्हणतात. रक्त काही पातळ होत नाही, प्लेटलेटचा चिकटपणा कमी होतो. पण शब्द इतका रुळलाय की मी आता रुग्णांशी त्यावरून वाद घालत नाही. २०१३ साली चीनमधल्या ५१७० रुग्णांच्या ‘चान्स’ या अभ्यासात सौम्य झटका किंवा तात्पुरता झटका आल्यावर २४ तासांच्या आत ही जोडी सुरू केली, २१ दिवस दिली, मग एकच गोळी ठेवली. तीन महिन्यांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण ११.७ टक्क्यांवरून ८.२ वर आलं. पुढे २०१८ मध्ये ‘पॉइंट’ अभ्यासात हीच जोडी पूर्ण तीन महिने चालू ठेवून पाहिली. संरक्षण तिथेही मिळालं, पण ते बहुतेक सुरुवातीच्या आठवड्यांतलं. मोठे रक्तस्राव मात्र ०.४ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर गेले. तीन आठवड्यांनंतर दुसरी गोळी फारसं काही देत नाही आणि रक्तस्रावाची भीती वाढवत राहते. त्यामुळे ती बंद केली हे वेळापत्रकाप्रमाणेच झालं. उरलेली एक मात्र मनाने बंद करू नका. दात काढायचा असला तरी आधी डॉक्टरांना विचारा.

याहून मोठा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही : गुठळी आली कुठून? पुढच्या भेटीत माझ्या मते सगळा वेळ यावर जावा. हृदयाचे ठोके अधूनमधून अनियमित होत असतील, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर या गोळ्या पुरत नाहीत, वेगळ्या जातीचं औषध लागतं. आणि एका साध्या ईसीजीत ते निसटू शकतं, म्हणून जास्त वेळ ठोक्यांची नोंद करावी लागते. मानेतली मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करतात, आणि त्याचा जास्त फायदा पहिल्या दोन आठवड्यांत असतो. तुमच्याकडे महिना झालाय. मानेची सोनोग्राफी किंवा अँजिओग्राफी झालेली नसेल तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, या आठवड्यातच फोन करा. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, सिगारेट हे नेहमीचे चार यशस्वी आहेतच. ऐकून ऐकून लोकांचे कान किटलेत, पण यांत एक गंमतीची नव्हे, चांगली बातमी आहे. ऑक्सफर्डमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तात्पुरत्या आणि सौम्य झटक्याच्या रुग्णांची तपासणी आणि औषधं काही दिवस-आठवडे रेंगाळण्याऐवजी लगेच सुरू केली. औषधं सगळी जुनीच. पुन्हा झटका येण्याचं तीन महिन्यांतलं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं. एकही नवं इंजेक्शन न शोधता!

थकवा आणि चिडचिड. हे इंजेक्शन न दिल्यामुळे झालंय असं भाऊजी म्हणत असतील तर त्यांना सांगा, इंजेक्शन घेतलेल्यांनाही हे होतं. ‘सौम्य’ हा डॉक्टरांच्या पट्टीवरचा शब्द आहे. चेहरा, हात, जीभ जागेवर आली की आमच्या लेखी माणूस बरा. पण झटक्यानंतरचा थकवा हा झोप न झाल्याचा थकवा नसतो. दुपारी चार आकड्यांची बेरीज करतानाच मेंदूची बॅटरी उतरते, दोन माणसं एकाच वेळी बोलायला लागली की कलकलाट असह्य होतो, आणि हिशेबात चूक झाली की स्वतःचाच राग येतो, तो निघतो घरातल्यांवर. घरचे म्हणतात, ‘आता तर ठणठणीत आहात’. त्याने तो आणखी एकटा पडतो. त्यांना कामावर एकदम पूर्ण वेळ धाडू नका. अर्धा दिवस, मग वाढवत न्या. अवघड आकडेमोड सकाळी. दोन-तीन आठवड्यांत चिडचिडीबरोबर उदासी, झोप उडणं, कशातच रस न वाटणं दिसलं, तर ते न्यूरोलॉजिस्टला स्पष्ट शब्दांत सांगा. झटक्यानंतरचं नैराश्य औषधाने आणि समुपदेशनाने सुधारतं, पण ओपीडीत ‘आता कसं वाटतंय?’ला सगळे ‘बरं आहे’ म्हणतात आणि विषय संपतो. तुम्ही सोबत जा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न : पुन्हा असं झालं तर इंजेक्शन मागून घेऊ का?

घरी काय करायचं नाही ते आधी. झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय मलाही कळत नाही. म्हणून घरात अॅस्पिरिन चघळायला देऊ नका. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून तो घरच्या घरी गोळीने घाईने उतरवू नका, त्या वेळी मेंदूला तो दाब हवा असू शकतो. पाणीसुद्धा पाजू नका, गिळताना ठसका लागून फुप्फुसात जाऊ शकतं. आणि ‘थोडं थांबून बघू, मागच्या वेळीही सौम्यच होता’ असं तर अजिबात नको. मागच्या वेळच्या झटक्यावरून पुढचा ओळखता येत नाही. ज्या हॉस्पिटलात चोवीस तास सीटी स्कॅन आहे तिथेच थेट जा.

इंजेक्शन मागू नका. त्याऐवजी डॉक्टरांना ते सांगा जे फक्त तुम्हालाच माहीत आहे. एक कागद आत्ताच लिहून औषधांच्या पिशवीत ठेवून द्या. त्यावर यजमानांच्या सगळ्या गोळ्या आणि डोस. मागच्या झटक्याची तारीख. त्यातून राहिलेलं काही असेल तर ते, म्हणजे जुनं आणि नवं यांत घोळ होणार नाही. वेळेसाठी एक रिकामी ओळ सोडा : शेवटचे नीट होते तेव्हा किती वाजले होते. लक्षण दिसलं ती वेळ इथे लिहायची नाही. झोपेतून उठल्यावर तोंड वाकडं दिसलं, तर घड्याळ झोपायला गेले तेव्हापासून मोजतात. मागच्या वेळी तुम्हाला ‘सव्वानऊ’ पक्कं सांगता आलं, त्यामुळे डॉक्टरांना बटणांपर्यंत जायला वेळ मिळाला. आणि सर्वांत वर, ठळक अक्षरांत : हिशेबनीस आहेत, उजव्या हाताने लिहितात, दिवसभर आकडे वाचतात आणि लोकांशी फोनवर बोलतात. त्याखाली जागा ठेवा, आणि त्या दिवशी यांतलं त्यांना काय येत नाहीये, तेवढं तिथे लिहा.